पाठमोरे अण्णा

आमच्या अण्णांना समोरून फारसं कोणी ओळखत नसे. हे मी थट्टेने म्हणत नाही. सांगली-साताऱ्यात त्यांनी जन्मभर लग्नांचे फोटो काढले, भरलेल्या हॉलपुढे तासन्‌तास उभे राहिले. पण उभे राहिले ते लोकांकडे पाठ करून. त्यामुळे मंडईत एखादी बाई 'ह्यांना कुठंतरी बघितलंय' अशा नजरेने त्यांच्याकडे बघत राही, आणि अण्णा वांगी निवडायला वळले की तिची ट्यूब पेटे. "अगं बाई! आमच्या सुनीच्या लग्नातलं फोटोग्राफर नव्हं का तुमी?" मग अण्णा वांगं हातात धरून, न वळताच म्हणत, "व्हय, मीच. बरी हाय का सुनी?"

पाठमोरे अण्णा हे नाव त्यांना पहिल्यांदा कोणी दिलं देव जाणे. खरं नाव त्यांच्या स्टुडिओच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण? मूळचे ते पाटणकडचे. लग्न करून सांगलीला आले ते इथलेच झाले, भाषा मात्र शेवटपर्यंत कोयनेकाठचीच राहिली. विश्रामबागेत माझं शिवणकामाचं दुकान आहे, तिथून दोन गाळे सोडून त्यांचा स्टुडिओ होता. माझ्या दुकानावर ठळक अक्षरांत लिहिलं आहे, 'फक्त लेडीज'. तरी एक दिवस हा गृहस्थ बगलेत शर्टाचं कापड घेऊन आत आला.

"बोर्ड वाचता येत नाही का?" मी म्हणाले. माझं तोंड तेव्हाही असंच होतं.

"आवं ताई, वाचूनच आलोय," अण्णा म्हणाले. "लग्नाला आल्याली माणसं काय बघत्यात, सांगा बरं. नवरा-नवरी? छ्या! त्येंच्या म्होरं मी उभा असतो. लोकं माझी पाठ बघत्यात. आन् जेंट्स टेलर काय करतो? खिसा बघतो, कॉलर बघतो, बटनं बघतो, आन् पाठीला नुसतं कापड लावून मोकळा व्हतो. पाठ शिवावी ती ब्लाउजवाल्या बाईनंच."

मला राग आला होता, पण बोलणं काही खोटं नव्हतं. ब्लाउजची पाठ हे आमचं पोटपाणी. पुढची बाजू पदराखाली जाते. मटका गळा, चौकोनी गळा, दोरी, लटकन, सगळा नखरा मागे. त्या दिवसापासून मी अण्णांचे शर्ट शिवायला लागले. माप घ्यायला ते माझ्याकडे पाठ करूनच उभे राहत आणि म्हणत, "म्होरनं काय बी करा. म्होरची बाजू कॅमेऱ्याच्या मागं झाकती."

आणि पुढच्या बाजूची त्यांनी खरोखरच ती दशा करून ठेवलेली असे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, त्यांच्या शर्टाला फक्त मागून इस्त्री करत. "अर्ध्या शर्टाला अर्धीच वीज," असा त्यांचा हिशेब होता, आणि अण्णांना तो मान्य होता. समोर चहाचे डाग, लेन्स पुसून पुसून मळलेला शर्टाचा कोपरा, एखादं बटण भलत्याच रंगाचं. मागून बघावं तर जावईबापू चालले आहेत असं वाटावं. माणूस वळला की सगळा भ्रमनिरास!

पाटणकडे एका रिटायर्ड सुभेदारांच्या मुलीचं लग्न होतं. सुभेदारसाहेबांनी मुहूर्ताच्या आधी वाजंत्री, आचारी, फोटोग्राफर, सगळ्यांना मांडवाबाहेर एका रांगेत उभं केलं आणि तपासणी सुरू केली. वाजंत्र्यांच्या कमरपट्ट्यांना पॉलिश नाही म्हणून ओरडले. आचाऱ्याची नखं बघितली. अण्णा रांगेत उभे होते ते अर्थात उलटे. सुभेदारांनी त्यांची पाठ वरपासून खालपर्यंत न्याहाळली आणि खूश होऊन म्हणाले, "शाबास! टर्नआउट एक नंबर! अब घूम जाओ." अण्णा घूमले. सुभेदारांच्या मिश्या थरथरल्या. "ये क्या है?" "साहेब," अण्णा शांतपणे म्हणाले, "ही बाजू ड्युटीवर नसती." हे मला अण्णांनी स्वतःच सांगितलं, म्हणजे थोडं मीठमसाला लावलेलं असणारच.

रंगाचं त्यांचं आणखी एक खूळ होतं. बायका साडी घेऊन मॅचिंगला येतात, तसे अण्णा कार्यालयाच्या पडद्याचा तुकडा घेऊन यायचे. स्टेजवर मागे जो पडदा, त्याच रंगाचा शर्ट. म्हणजे आपण पडद्यात मिसळून जाऊ आणि लोकांना वाटेल मध्ये कोणी नाहीच! हे सगळं ते इतक्या गंभीरपणे सांगत की हसायची सोय नसे. एकदा साताऱ्यात डेकोरेशनवाल्याने ऐन वेळी पिस्ता रंगाचा पडदा काढून गडद गुलाबी लावला. अण्णांची पाठ पिस्ता. मी त्या लग्नात होते. जिलेबीच्या ताटात कारलं पडावं तसे अण्णा सबंध लग्नभर दिसत होते. परत येताना एसटीत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, जणू पडदा मीच बदलला होता.

पायांचंही तेच. स्टेजवर चप्पल-बूट चालत नाहीत, आणि गुडघा टेकला की तळवा सगळ्या हॉलकडे. "तळवं म्हंजे पायाची पाठच की," असं म्हणून ते लग्नसराईच्या आधी टाचा दगडाने घासून ठेवत. काकू म्हणायच्या, "नवरी मुली बी येवढ्या टाचा घासत न्हाईत." शर्टाची ट्रायल तर बघण्यासारखी असे. माझ्या दुकानात ते वाकत, उकिडवे बसत, एका गुडघ्यावर येत, आणि मला मागे उभं करून विचारत, "काय दिसतंय का?" वाकल्यावर कंबर उघडी पडली तर लग्नाची अब्रू गेली, असं त्यांचं ठाम मत. म्हणून मी त्यांचा शर्ट मागून चांगला चार बोटं लांब ठेवायची.

मग काळ्या शर्टांचा जमाना आला. पुण्याहून टीम येऊ लागल्या. पाच-सहा पोरं, सगळी काळ्या टी-शर्टात, खाली पोटरीला चिकटलेल्या जीन्स, आणि पाठीवर भलंमोठं छापलेलं स्टुडिओचं नाव, फोन नंबर, इन्स्टाग्राम. आमच्याकडे एखादी पाहुणी काळी साडी नेसून लग्नाला आली तर तिच्या माहेरच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. 'शुभकार्यात काळं? कळतं का काही?' पण हीच पोरं काळ्या कपड्यांत थेट होमाजवळ जाऊन बसली तरी कोणाची बोलायची टाप नाही, कारण ती 'कँडिड'वाली. कँडिड म्हणजे काय, ते आमच्याकडे कोणालाच नीट माहीत नव्हतं. पण महाग आहे एवढं माहीत होतं, म्हणून ते चांगलं असणार.

अण्णांना काळ्या रंगापेक्षा त्या छापलेल्या नावाचा जास्त राग. "ताई, ह्येंनी पाठ भाड्यानं दिली बगा," ते म्हणत. "मंगलाष्टकं चालू असताना लोकं फोन नंबर वाचत बसत्यात." मी म्हटलं, तुमच्या पाठीवर काय वेगळं असतं? पडदाच की. त्यावर ते म्हणाले, "पडदा गप असतो."

हे सगळं चाललं होतं तोवर मी मजा बघत होते. लोकांची लग्नं, लोकांचे फोटो, माझं काय जातं! मग माझ्या पल्लवीचं लग्न ठरलं.

पल्लवी माझी एकुलती एक. तिचे वडील गेले तेव्हा ती शाळेत होती. त्यानंतर मी मशिनवर बसले ती बसलेच. दुसऱ्यांच्या मुलींचे शालूवरचे ब्लाउज शिवत शिवत मी माझी मुलगी वाढवली, शिकवली. लग्न ठरलं तेव्हा कन्यादान माझे थोरले दीर आणि जाऊबाई करणार हे कोणी न सांगताच ठरलेलं होतं. मी विधवा. हळदीला हात लावायचा नाही, देवकापाशी जायचं नाही, मुहूर्ताला पुढे यायचं नाही. काळ बदलला असं सगळे म्हणतात, आणि बदललाही आहे. फक्त मुहूर्ताच्या वेळी त्या बदललेल्या काळाला जरा बाजूला उभं करतात. मी त्यावर भांडले नाही. मुलीच्या लग्नात भांडण नको, आणि दीर-जाऊ मनाने वाईट नाहीत. माझी एकच हौस होती. अंतरपाट खाली येतो त्या क्षणी मला माझ्या पोरीचा चेहरा बघायचा होता. मागे उभं राहून का होईना, पण दिसला पाहिजे. बाकी मला मानपान नको, साडी नको, काही नको.

मुलाकडचे साताऱ्याचे. माणसं चांगली, ऊस भरपूर, आणि मुलाच्या काकांचा घरात शब्द चाले. त्यांनी सांगून टाकलं की फोटोची टीम पुण्याची येणार, तुमच्याकडून आणखी कोण असला तर असू दे बिचारा कडेला. लग्नाआधी मुला-मुलीला वाईच्या घाटावर नेलं फोटो काढायला. तिथे पल्लवीला भाड्याचा पायघोळ गाऊन घालून पायऱ्यांवरून पळायला लावलं. का, तर हवेत कापड उडालं पाहिजे! घाटावर धुणं धुणाऱ्या बायका हातातलं धुणं टाकून बघत होत्या. एक म्हातारी म्हणे, "पोरी, कोन लागलंय तुझ्या मागं?" गाऊनची शिलाई इतकी कच्ची होती की तिसऱ्याच पायरीला घेर उसवला आणि त्यात पाय अडकून ती पडली. पल्लवीने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मला पडण्याचं नव्हे, त्या शिलाईचं वाईट वाटलं.

आमच्याकडचा 'कडेला असू दे बिचारा' म्हणजे अण्णा. ते शर्टासाठी आले, बरोबर मोरपंखी पडद्याचा तुकडा. साताऱ्याला फोन करून, डेकोरेशनवाल्याच्या मागे लागून मागवलेला. मी कापड बेतत होते आणि बोलता बोलता मनातलं बोलून गेले. म्हटलं, अण्णा, मला मागे उभं करणार आहेत. तेवढं एक दिसावं, बस.

"दिसंल की! न दिसायला काय झालं?" अण्णा म्हणाले.

माझं डोकं सटकलं. "काय दिसणार? पुढे ती पुण्याची काळी भिंत आणि तिच्या कडेला तुमची ही मोरपंखी पाठ! अण्णा, इतकी वर्षं मी तुमची पाठ शिवतेय. कितीही चांगली शिवली तरी तिच्यातून आरपार दिसत नाही हो."

अण्णांनी पडद्याचा तुकडा घडी करून खिशात ठेवला आणि ते गेले. शर्ट तयार झाल्यावर न्यायला आले तेव्हा ट्रायलही घेतली नाही. मला वाटलं, दुखावला माणूस. पण जे आहे ते आहे, मी काय खोटं बोलले होते?

लग्नाच्या दिवशी कार्यालय गच्च भरलं होतं. मुहूर्त जवळ आला तशी जाऊबाई मला जेवणाच्या हॉलच्या दाराशी घेऊन गेल्या आणि खांब दाखवून प्रेमाने म्हणाल्या, "अगं, तू जरा हितं थांब. अक्षता पडू देत, मग ये म्होरं." मी थांबले. मूठभर अक्षता हातात होत्या. पल्लवीला तिच्या मामाने बोहल्यावर आणलं, एवढं मला दिसलं. लगेच टीम सरसावली. एक डावीकडून, एक उजवीकडून, एक स्टुलावर, एकाच्या हातात कॅमेरा बसवलेली ती डुलणारी काठी, एका मुलीच्या हातात दिव्याची छत्री. झालं! पोरगी नाहीशी झाली. मला दिसत होते ते पाच-सहा काळे टी-शर्ट आणि त्यांच्यावरचा फोन नंबर. तो नंबर मला अजून पाठ आहे.

मंगलाष्टकं चालू झाली. मी टाचा उंचावल्या, खांबाला धरून वाकले, दुसऱ्या बाजूने डोकावले. काही नाही. माझ्यापुढच्या खुर्च्यांवरची माणसंही माना वाकड्या करत होती, पण सवयीने, तक्रार न करता. आमच्याकडे लग्नाला आलेल्या माणसाने लग्न दिसेल अशी अपेक्षाच सोडलेली आहे. तो जेवायला येतो. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं आणि माझे डोळे भरून आले. म्हटलं, जाऊ दे, नशिबात नाही.

अण्णा स्टेजच्या कडेला उभे होते, नेहमीप्रमाणे पाठ करून. आणि अचानक ते वळले. भरलेल्या हॉलकडे तोंड करून उभे राहिलेले अण्णा मी पहिल्यांदाच बघत होते. समोरून बिनइस्त्रीचा, चुरगळलेला शर्ट, गळ्यात लोंबणारा कॅमेरा. ते सगळ्या हॉलवरून नजर फिरवत कोणाला तरी शोधत होते. खांबाशी मी सापडले. क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि ते सरळ त्या काळ्या भिंतीपुढे जाऊन उभे राहिले.

"पोरांनो, बसा खाली."

"काका, प्लीज! फ्रेममध्ये येताय!"

"फ्रेम गेली खड्ड्यात! मागं पोरीची आय उभी हाय. बसा म्हंतो ना!"

पोरं काही बसेनात. पण तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी, इतकी वर्षं मनात साठलेलं, ओरडलं, "ए काळं शर्ट, बसा खाली!" मग काय विचारता! कुस्तीच्या मैदानात पुढचे उभे राहिले की मागचे जसे पेटतात तसा सगळा हॉल पेटला. "बसा! बसा!" फेटेवाले ओरडायला लागले, बायका ओरडायला लागल्या, एका आजोबांनी काठी आपटली. अण्णांनी दोन पोरांना खांद्याला धरून खाली दाबलं आणि स्वतः बैठक मारली. बाकीचेही बसायला गेले, आणि तिथे घोटाळा झाला. त्या जीन्समध्ये उभं राहता येतं, चालता येतं, पण बसता येत नाही. मधल्या पोराची पँट टर्रकन फाटली. गुरुजींचा माइक जवळच होता, त्यामुळे तो आवाज पार जेवणाच्या हॉलपर्यंत गेला.

आणि मला दिसलं. गुरुजींनी 'सावधान' म्हटलं, अंतरपाट खाली आला, आणि माझी पल्लवी मला लख्ख, डोक्यापासून पायापर्यंत दिसली. हार हातात, मुंडावळ्या हलत होत्या. नवरामुलगा समोर उभा होता, बिचारा हसून वाट बघत होता. पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती सगळ्यांच्या डोक्यांवरून शोधत होती. मी हात वर केला. तिने मला बघितलं, आणि अशी हसली, अशी हसली पोरगी! मग वळून हार घातला. मी मुठीतल्या अक्षता जिवाच्या जोराने फेकल्या. त्या मध्येच कुठेतरी एका अनोळखी पाहुण्याच्या टकलावर पडल्या. त्याने वळून बघितलं, मला रडताना पाहिलं, आणि तो पुन्हा पुढे वळला.

पुढची धमाल मुलाच्या काकांनी केली. टीमने कॅमेरे तपासले. एकात छताचा पंखा होता, एकात गुडघे, एकात अण्णांच्या शर्टावरचा चहाचा डाग अगदी जवळून. अंतरपाट खाली येतानाचा फोटो एकाही कॅमेऱ्यात नाही. काका लाल झाले.

"मेन फोटोच न्हाई? मग लगीन लागलं कशावरनं?"

"लागलं की," गुरुजी म्हणाले. "मीच लावलं."

"तुमी लावलं, पर दिसतंय कुठं?"

ठरलं, की परत एकदा लावायचं, कॅमेऱ्यासाठी. गुरुजी म्हणाले, मंत्र एकदाच, आता म्हणणार नाही. फार तर तोंड हलवीन. तेवढं चालेल म्हणाले काका, आवाज मागाहून बसवता येतो. अंतरपाट गुरुजींच्या पिशवीत तळाशी गेला होता, म्हणून जेवणाच्या टेबलावरची चादर काढून धरली. अक्षता संपल्या होत्या, म्हणून आचाऱ्याकडून कोरे तांदूळ आणले. हॉल एव्हाना ओस. सगळी माणसं पंगतीला! चार पाहुणे अर्ध्या जेवणावरून, हात धुवून, गर्दी म्हणून उभे करायला आणले. एकाच्या ओठाला मठ्ठा लागलेला होता, तो पुसायला लावला. अण्णांना लांब, गेटपाशी उभं केलं होतं.

हे सगळं मला नंतर कळलं, कारण तेव्हा मी सामानाच्या खोलीत होते. तो पँट फाटलेला मुलगा तिथे आहेरातला एक टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात बसला होता, अगदी रडकुंडीला आलेला. मला बघून आणखी आक्रसला. मी म्हटलं, दे इकडे, मी टेलर आहे. पिशवीत सुईदोरा असतोच माझ्या. दुहेरी धागा घालून टीप घालायला बसले. बाहेरून टाळ्या ऐकू आल्या.

"काकू, तुम्ही नवरीच्या आई ना?" तो म्हणाला. "तिकडे परत लग्न लागतंय. तुम्हाला बघायचं नाही?"

"झालं माझं बघून. तू जेवलास का?"

तो म्हणाला, नाही. मी पँट त्याच्या हातात दिली, पंगतीला बसवून दिलं, आणि वर चार शब्दही सुनावले, की बाबा रे, पुढच्या वेळी खाली बसता येईल असं काहीतरी घालत जा. गुलाबजाम तोंडात असल्यामुळे त्याने नुसती मान हलवली.

संध्याकाळी पाठवणी झाल्यावर मी अण्णांना गाठलं. काकांनी त्यांना चारचौघांत नको नको ते बोलून घेतलं होतं. मी हात जोडले. अण्णांनी ते धरून खाली केले आणि म्हणाले, "ताई, एक सांगू का? जलमभर लग्नं काढली, पर अक्षता पडताना मी आज पयल्यांदा बघितलं. कायम एक डोळा मिटल्याला असायचा वो." आणि म्हणाले, "लय भारी असतंय की ते!"

साताऱ्याकडची कामं त्यानंतर आटली. काकांचा गोतावळा मोठा, आणि 'लगीन बिघडवणारा म्हातारा' ही बातमी वाऱ्यासारखी गेली. सांगलीत चार जुनी घरं बोलवत होती, पण अण्णांचे गुडघे आता उठू देईनात. पुढे अण्णांच्या मुलाला पाटणला नोकरी लागली तसे ते आणि काकू तिकडेच राहायला गेले. जायच्या आदल्या दिवशी माझ्या दुकानात आले, बगलेत कापड नव्हतं. स्टुलावर बसले, माझ्याकडे तोंड करून. चहा घेतला. "येतो ताई. पोरगीला माझा आशीर्वाद सांगा," म्हणाले आणि निघाले. मी कोणाच्या जाण्याने सहजी रडत नाही, पण त्या दिवशी मशीनवर बसून धाय मोकलून रडले. समोर पिकोला साडी घेऊन आलेली बाई घाबरून उद्या येते म्हणाली.

आता दुकानाचा बोर्ड तोच आहे, पण फोटोवाली पोरं येतात माझ्याकडे. त्या फाटक्या पँटवाल्याने कोणाकोणाला सांगितलं कोण जाणे. मी कोणाचंही माप घ्यायच्या आधी म्हणते, खाली बस बघू. उकिडवा बस. आता उठ. परत बस. कुरता घाल, शर्ट घाल, काळा घाल नाहीतर पिवळा घाल, मला काय करायचंय! पण मुहूर्ताला पटकन बसता आलं पाहिजे, कारण तुझ्या मागे कोण उभं आहे ते तुला दिसत नाही. पोरं हसतात, पण बसून दाखवतात. परवा अण्णांना फोन करून हे सांगितलं तर पलीकडे नुसता हसण्याचा आवाज येत राहिला.

पल्लवीचा अल्बम माझ्याकडेच असतो. मोठा, जाड, वर मखमल. घरी कोणी आलं की बघतं. मधल्या दोन पानांवर मिळून तो एक फोटो आहे. अंतरपाट नुकताच खाली आलेला, वरून शुभ्र तांदूळ पडताहेत, मागे चार माणसं कौतुकाने बघताहेत, आणि पल्लवी नवऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून उभी आहे. बायका म्हणतात, "अगं काय टिपलंय! कशी त्याच्याकडेच बघतेय!" मी छान म्हणते आणि पान उलटते. त्यांना काय सांगायचं? तो दुसऱ्यांदा लागलेल्या लग्नाचा फोटो आहे. पहिल्यांदा लागलं तेव्हा पोरगी माझ्याकडे बघत होती.